दोन कागद, दोन्हीवर टॅक्स शून्य, आणि भरायचे ४९,७८० रुपये

हे प्रकरण आमच्या ओळखीतल्या एका काकांचं आहे. त्यांना विचारूनच लिहितेय, नाव लिहीत नाही आणि आकडे जरासे गोल केलेत, बाकी जे झालं ते जसंच्या तसं. मी सोलापुरात रिटर्न भरायचं काम करते, जुळे सोलापुरात छोटं ऑफिस आहे, आणि गेल्या दोन वर्षांत हाच प्रकार इतक्या घरांत बघितलाय की एकदा सगळं नीट मांडावं असं वाटलं. पेन्शनही चालू आणि पगारही चालू, अशी माणसं आता आपल्याकडे खूप झालीत.

काका सरकारी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचे निदेशक होते. ३१ मे २०२३ ला ५८ व्या वर्षी रिटायर झाले. दहा महिने घरी बसले, म्हणजे बसले तरी कुठे, नळाला पाणी यायच्या दिवशी अख्ख्या गल्लीच्या मोटारी तेच बघायचे, गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व खोलून परत बसवायचे, शेवटी काकूच म्हणाल्या की तुम्ही कुठेतरी कामाला जावा. एप्रिल २०२४ पासून अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्स सुपरवायझर म्हणून लागले, पगार महिना ३६ हजार. तिथली निम्मी पोरं त्यांच्याच हाताखाली शिकून गेलेली, सगळे सर सर करतात, मालकही मान देतो, आणि लूम बंद पडला की आवाजावरून काय बिघडलंय ते सांगणारा माणूस त्यांनाही दुसरा मिळणार नव्हता.

ऑगस्ट २०२५, श्रावणातला सोमवार, काका सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन तसेच माझ्याकडे आले. हातात पारदर्शक प्लास्टिकची फाईल, आत सगळं क्रमाने लावलेलं. एक कारखान्याचा फॉर्म १६ (वर्षाचा पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारा कागद), एक पेन्शनचं वर्षाचं स्टेटमेंट, बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट, आणि वर एक कोरा कागद ज्यावर त्यांनी स्वतः बेरीज करून आणली होती. त्यांचं अक्षर म्हणजे इंजिनिअरिंग ड्रॉइंगवरचं लेटरिंग असतं ना तसं, पेन्सिलीने, प्रत्येक आकडा एकाच उंचीचा. खाली दोनदा अधोरेखित केलेलं, टीडीएस (म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला टॅक्स) शून्य, टीडीएस शून्य.

"दोघांनी पण टॅक्स कापला नाही बघ, म्हणजे काय बसतच नसणार. तेवढं रिटर्न भरून टाक, पाच मिनिटाचं काम हाय," काका म्हणाले.

मी कागद बघितले आणि म्हटलं, काका, बसा जरा, मी पाणी आणते.

आता आकडे बघू. आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये पेन्शन आली ४,५०,०००. कारखान्याचा पगार ४,३२,०००. रिटायरमेंटच्या पैशातले १५ लाख त्यांनी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकलेले, ८.२ टक्के व्याज, दर तिमाहीला ३०,७५० जमा होतात, म्हणजे वर्षाचं १,२३,०००. (५५ पूर्ण झालेला माणूस रिटायरमेंटचे पैसे मिळाल्यावर ठरलेल्या मुदतीत टाकत असेल तर ६० च्या आधीही हे खातं उघडता येतं, काकांनी तसंच उघडलेलं.) सेव्हिंगचं व्याज ५ हजार. आता प्रत्येक जण आपापल्या खिडकीतून काय बघत होता ते बघा. पेन्शन देणाऱ्यांना दिसत होते साडेचार लाख, त्यातून ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन (पगारातून सरसकट मिळणारी वजावट) गेलं की राहिले पावणेचार लाख, टॅक्सच्या जुनी आणि नवी अशा दोन पद्धती आहेत, त्यातल्या नव्या पद्धतीत त्या वर्षी ७ लाखापर्यंत ८७ए ची सूट होती, त्यामुळे टॅक्स शून्य. कारखान्याच्या अकाउंटंटला दिसत होते ४,३२,०००, त्यानेही ७५ हजार वजा केले, ३,५७,००० उरले, टॅक्स शून्य. दोघंही आपल्या जागी बरोबर. पण माणूस एकच, पॅन एकच, स्टँडर्ड डिडक्शन एकच, ७ लाखाची सूटही एकदाच. दोघांनी मिळून एकाच माणसाला ती सवलत दोनदा दिली आणि ह्याला कोणीच जबाबदार नाही, कारण काकांनी कारखान्यात सांगितलंच नव्हतं की मला पेन्शन चालू आहे. म्हणजे तोंडी सगळ्यांना माहीत होतं, अख्ख्या एमआयडीसीला माहीत होतं, पण कागदावर कुठेच नव्हतं.

बेरीज केली. पेन्शन आणि पगार मिळून ८,८२,०००, वजा ७५,०००, राहिले ८,०७,०००. त्यात व्याजाचे १,२८,००० मिळवले की ९,३५,०००. ७ लाखाची मर्यादा पार, त्यामुळे सूट पूर्ण गेली. ३ ते ७ लाखावर ५ टक्क्यांनी २०,०००, वरच्या २,३५,००० वर १० टक्क्यांनी २३,५००, एकूण ४३,५००, त्यावर ४ टक्के सेस १,७४०. झाले ४५,२४०.

काका दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं पण पेन्शनवर टॅक्स कसा? रिटायरमेंटचे पैसे टॅक्स फ्री असतात की."

हा गैरसमज मला जवळजवळ प्रत्येक पेन्शनर घरात भेटतो, आणि तो का होतो हेही मला कळतं. रिटायर होताना काकांना एकदम जे काही मिळालं त्यातलं काहीच टॅक्समध्ये आलं नव्हतं. ग्रॅच्युइटी, सरकारी नोकराला पूर्ण माफ. रजेचे पैसे, रिटायर होताना मिळाले तर सरकारी नोकराला पूर्ण माफ. पेन्शन विकली, म्हणजे अंशराशीकरण केलं, त्याचे एकरकमी आलेले पैसेही सरकारी नोकराला पूर्ण माफ. जीपीएफचेही माफ. एवढी मोठी रक्कम खात्यात येऊन एक रुपया टॅक्स नाही म्हटल्यावर माणसाच्या डोक्यात बसतं की रिटायरमेंटचा पैसा सरकार सोडून देतं. पण दर महिन्याला येणारी पेन्शन ही त्या यादीत नाही. ती कायद्याच्या नजरेत पगारच आहे, जुन्या नोकरीचा मागाहून मिळणारा पगार, आणि 'पगार' ह्याच शीर्षाखाली धरली जाते. पेन्शनवर स्टँडर्ड डिडक्शन मिळतं ते त्याचमुळे.

(खासगी नोकरीवाल्यांचं वेगळं आहे बरं का. त्यांना ग्रॅच्युइटी २० लाखापर्यंत, रजेचे पैसे २५ लाखापर्यंत माफ, आणि विकलेल्या पेन्शनचा ग्रॅच्युइटी मिळाली असेल तर एक तृतीयांश भाग माफ, नसेल मिळाली तर निम्मा. आणि पीएफवाली ईपीएस पेन्शन, जी आपल्या सोलापुरात गिरणीतल्या आणि विडीच्या कामगारांना हजार, दीड हजार, दोन हजार अशी येते, तीही कायद्याने पगारातच धरायची असते. पण एवढ्याशा रकमेवर टॅक्स कुठला बसायला, तिथला प्रश्न पेन्शन वाढायचा आहे, टॅक्सचा नाही.)

एक गोष्ट काकांना बरी वाटली म्हणून सांगते. त्यांची मूळ पेन्शन ३३,५००, त्यातली ४० टक्के विकलेली, म्हणजे १३,४०० दर महिन्याला कापले जातात आणि पंधरा वर्षं कापले जाणार. हातात येतात २०,१०० आणि महागाई भत्ता, आणि तो भत्ता मात्र विकण्याआधीच्या पूर्ण ३३,५०० वर मिळतो. टॅक्स लागतो तो हातात येतं त्यावरच, कापल्या जाणाऱ्या १३,४०० वर लागत नाही. काकांना वाटत होतं की न मिळालेल्या पैशावर पण टॅक्स घ्यायलेत. तसं नाही.

ह्याच्या पुढचा भाग जास्त त्रासाचा होता.

फाईलमध्ये बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट होतं, १,२३,००० व्याज, टीडीएस शून्य. मला लगेच शंका आली, कारण ६० च्या आतल्या माणसाला त्या वर्षी बँकेत ४० हजारांच्या वर व्याज गेलं की १० टक्के कापायलाच पाहिजे होते, म्हणजे १२,३००. विचारलं, काका, एप्रिलमध्ये कुठला फॉर्म भरून दिला होता का? म्हणाले, हो, १५जी, रांगेत सगळेच भरायलेले म्हणून मी पण सही केली. मला खरंच वाईट वाटलं, कारण हा माणूस आयुष्यात कधी कोणाचा पान्हा घरी घेऊन गेला नसेल, आणि त्याने सही केलेल्या फॉर्मवर लिहिलेलं असतं की माझ्या वर्षाच्या अंदाजे एकूण उत्पन्नावर टॅक्स शून्य आहे. त्या महिन्यात नोकरी नुकतीच लागलेली, त्यांनी अंदाज धरला तो पेन्शन आणि व्याजाचा, पगार डोक्यातच नव्हता. नुसती पेन्शन आणि व्याज धरलं तर ५,०३,००० होतात, त्यावर सूट मिळून खरंच शून्य आला असता. पगार आला आणि तो फॉर्म चुकीचा ठरला. खोटं डिक्लरेशन दिलं तर कायद्यात शिक्षेची तरतूद आहे, म्हणून मी सगळ्यांना हात जोडून सांगते, असा फॉर्म म्हणजे टीडीएस थांबवायची चिठ्ठी नाही, ते लेखी वचन आहे, रांगेत उभं राहून शेजाऱ्याचं बघून भरू नका. काकांच्या बाबतीत आम्ही सगळं उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवून पूर्ण टॅक्स व्याजासकट भरला. असा घोळ कळल्या कळल्या एवढं तरी करायलाच पाहिजे.

आता व्याज कसलं, तर ॲडव्हान्स टॅक्स न भरल्याचं. इथे काकांची जी अडचण झाली ती राज्य सरकारच्या बहुतेक रिटायर माणसांची होते आणि कोणी सांगत नाही. वर्षाचा टॅक्स टीडीएस जाऊन १० हजार किंवा जास्त उरत असेल तर तो वर्षभरात चार हप्त्यांत आधीच भरायचा असतो, १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत सगळा. ज्येष्ठ नागरिकाला, धंदा किंवा व्यवसायाचं उत्पन्न नसेल तर, ह्यातून सूट आहे. काका म्हणाले, मग मी ज्येष्ठच की, रिटायर झालोय, पेन्शनर आहे, बचत योजनेचं नावच ज्येष्ठ नागरिक! पण टॅक्सच्या कायद्यात ज्येष्ठ म्हणजे त्या आर्थिक वर्षात ६० पूर्ण झालेला. नोकरीतून काढलं ५८ ला आणि ज्येष्ठ धरणार ६० ला. मधली ही दोन वर्षं माणूस पेन्शनर असतो पण ज्येष्ठ नसतो. काकांना ६० पूर्ण झाली मे २०२५ मध्ये. ज्या वर्षाचा हिशोब चालला होता ते संपलं ३१ मार्च २०२५ ला. दोन महिन्यांनी हुकलं.

मग हप्ते चुकल्याचं व्याज २३४सी खाली २,२७९. आणि एप्रिलपासून पैसे भरेपर्यंत दर महिना १ टक्का २३४बी खाली, ऑगस्टमध्ये भरले म्हणून पाच महिन्यांचे २,२६०. एकूण ४५,२४० अधिक ४,५३९, राउंड करून ४९,७८०. महिना चालू झाला की अख्खा महिना धरतात, म्हणून मी म्हटलं ३१ ऑगस्टच्या आत भरा, सप्टेंबर लागला की अजून ४५२.

काकांचा चेहरा उतरला. "म्हणजे मी नोकरी करायलोय म्हणून माझ्या पेन्शनवर टॅक्स बसला. उद्याच सोडतो बघ. काकूला पण सांगतो. घरी बसलो असतो तर शून्य होता ना?"

हे मी नीट उत्तर द्यायला पाहिजे होतं, आणि दिलं. हो, घरी बसला असता तर टॅक्स शून्य होता, ते खरं. पण सगळा टॅक्स त्या नोकरीच्या डोक्यावर टाकला तरी ४,३२,००० कमवून ४५,२४० गेले, साधारण साडेदहा टक्के. ३,८६,७६० घरात राहिले. पेन्शन एक रुपयाने कमी झालेली नाही, कारण खासगी नोकरीचा पगार बघून सरकार पेन्शन कापत नाही. (सरकारीच नोकरीत परत घेतलं तर तिथे पगार ठरवताना पेन्शन वजा करतात, ते वेगळं.) मी तो कोरा कागद उलटा करून काकांच्याच पेन्सिलीने हे तीन आकडे एकाखाली एक लिहिले आणि त्यांच्याकडे सरकवला. बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "होय की. सोडायचं काय कारण न्हाई." दुखत होतं ते वेगळंच होतं. एकदम पन्नास हजार काढायचे होते. तेच जर एप्रिल २०२४ मध्ये कारखान्यात लिहून दिलं असतं की मला एवढी पेन्शन आहे, एवढं व्याज आहे, तर अकाउंटंटने एकत्र धरून महिन्याला ३,७७० कापले असते. बारा महिने ३,७७०, बरोबर ४५,२४०. व्याज नाही, ॲडव्हान्स टॅक्सची भानगड नाही, श्रावणात डोक्याला ताप नाही. तेव्हाच्या कायद्याच्या कलम १९२ मध्येच ही सोय होती, दोन ठिकाणचा पगार असेल तर एका मालकाला दुसरीकडचं फॉर्म १२बी मध्ये सांगता यायचं, व्याजासारखं इतर उत्पन्नही सांगता यायचं. सांगायचं काम मात्र आपलं. कोणी विचारायला येत नाही.

चार दिवसांत काका बरेच सल्ले गोळा करून आले. कॉलनीतल्या एकाने सांगितलं, पेन्शनचं तेवढं दाखव, पगाराचं कोणाला कळतंय. मी लॅपटॉप उघडून त्यांचं एआयएस, म्हणजे टॅक्स खात्याकडे जमा झालेली त्यांच्या उत्पन्नाची यादी, दाखवलं, पगार तिथे होता, व्याज तिथे होतं, आणि नसतं तरी मी तसं रिटर्न भरलं नसतं, हे त्यांनाही सांगितलं. काका म्हणाले, अगं मी पण भरू दिलं नसतं, तुला फक्त सांगायलोय लोकं काय म्हणतात ते.

दुसऱ्याने सांगितलं जुनी पद्धत घे, त्यात सवलती असतात. तेही करून बघितलं कारण बघायलाच पाहिजे. जुन्यात स्टँडर्ड डिडक्शन ५० हजारच, व्यवसाय कराचे २,५०० वजा, एलआयसी वगैरे मिळून ८०सी (बचतीवरची वजावट) चे ५० हजार, मेडिक्लेम २२,५००, सेव्हिंगच्या व्याजाचे ५ हजार. ६० च्या आत असल्यामुळे व्याजावरची ज्येष्ठांची ५० हजारांची ८०टीटीबी सूट नाही. उरले ८,८०,००० आणि टॅक्स ९२,०४०. दुप्पट. घराचं कर्ज चालू असलेल्याचं चित्र वेगळं येऊ शकतं, पण पेन्शनर माणसाचं कर्ज बहुतेक फिटलेलं असतं.

तिसरा सल्ला जरा गोड वाटणारा होता, की कारखान्याला म्हणावं मला पगारावर ठेवू नका, कन्सल्टंट दाखवा, १० टक्के टीडीएस कापा आणि विषय संपवा. माझं मत स्पष्ट आहे, रोज सकाळी साडेआठला हजेरी लावून संध्याकाळी सहाला सुटणारा माणूस कन्सल्टंट नसतो, तो नोकर असतो, आणि कागद तसेच असावेत. वरून तोटाही आहे. ते पैसे व्यवसायाचं उत्पन्न झाले की साधं आयटीआर-१ चालत नाही, आणि ६० नंतर जी ॲडव्हान्स टॅक्समधून सुटका मिळते तीही जाते, कारण ती सुटका व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्यांनाच आहे. शिवाय १० टक्के कापले म्हणजे विषय संपत नाही, शेवटी बेरीज एकत्रच होते.

२८ ऑगस्टला काकांनी पैसे भरले. नेट बँकिंगचा पासवर्ड काकूंच्या वहीत लिहिलेला होता म्हणून काकूंनाच बोलावलं. सेल्फ असेसमेंट टॅक्स म्हणून चलन काढलं, चलनाचा नंबर आणि बीएसआर कोड रिटर्नमध्ये टाकला, पेन्शन आणि पगार दोन्ही पगाराच्याच रकान्यात वेगवेगळे दाखवले, आधारच्या ओटीपीने व्हेरिफाय केलं. त्या वर्षी मुदत वाढून सप्टेंबरपर्यंत गेली होती त्यामुळे उशिराचा दंड नव्हता. पैसे एफडी न मोडता गेले कारण व्याजाचे आणि पगाराचे साठलेले होते. काकूंनी त्या पैशात स्वयंपाकघराचा ओटा नवीन करायचा ठरवलेला, तो पुढे ढकलला. ह्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण मला ते लागलं.

मग मी म्हटलं चालू वर्षाचं आत्ताच बघू. आणि इथे चांगली बातमी होती. २०२५-२६ ला दर बदलले, ४ लाखापर्यंत काही नाही, ४ ते ८ वर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५, आणि ८७ए ची सूट १२ लाखाच्या उत्पन्नापर्यंत. काकांचं ह्या वर्षीचं, पेन्शन महागाई भत्ता वाढून ४,७०,०००, पगार ३८ हजार झालेला म्हणून ४,५६,०००, व्याज तेच. ७५ हजार जाऊन ९,७९,०००. गेल्या वर्षीपेक्षा जास्त कमाई आणि टॅक्स शून्य. काकांनी दोनदा विचारलं, नक्की ना? नक्की. आणि मे २०२५ मध्ये ६० झाल्यामुळे आता १५जी नाही, १५एच, आणि तो ह्या वेळी खरा, कारण सूट धरून टॅक्स शून्य येत असेल तर १५एच देता येत होता. ज्येष्ठांसाठी बँकेतल्या व्याजाची टीडीएस मर्यादाही आता १ लाख झाली, पण काकांचं व्याज १,२३,००० असल्यामुळे फॉर्म द्यायलाच लागणार होता. तो त्यांनी माझ्यासमोर भरला. अंदाजे एकूण उत्पन्नाच्या रकान्यात पेन्शन, पगार, व्याज सगळं धरून आकडा लिहिला, आधी पेन्सिलीने, मग त्यावरून पेनने.

कारखान्यातही लेखी दिलं, टॅक्स बसत नसताना सुद्धा. मीच आग्रह धरला.

त्याचा उपयोग जानेवारीत झाला. गड्ड्याच्या यात्रेचे दिवस, काका काकूंना घेऊन होम मैदानावर जाऊन आले आणि येताना माझ्याकडे थांबले. मालकाने सांगितलेलं, एप्रिलपासून मेंटेनन्स मॅनेजर व्हा, पगार ६२ हजार. ३८ वरून ६२, काका खूष होते, पण आता शहाणे झालेले, म्हणाले आधी तू गणित घाल.

सध्याच्याच दराने घातलं. पेन्शन वाढून ४,८०,००० धरली, पगार ७,४४,०००, व्याज १,२८,०००, वजा ७५,०००. आले १२,७७,०००. १२ लाखाच्या वर गेलं की सूट जाते, टॅक्स ७१,५५०, सेस धरून ७४,४१२, म्हणजे महिन्याला ६,२०१. तरी पण ३८ च्या मानाने वर्षाला दोन लाखाच्या वर हातात जास्तच राहतात, म्हणून पगारवाढ नाकारायचा प्रश्नच नव्हता. पण मी अजून एक आकडा घालून बघितला. पगार ५५,५०० असेल तर बेरीज येते ११,९९,०००, टॅक्स शून्य. म्हणजे ५५,५०० वरून ६२ हजारावर जायला मालक वर्षाला ७८,००० जास्त देणार आणि त्यातले ७४,४१२ टॅक्समध्ये जाणार. काकांच्या हातात पडणार वर्षाला ३,५८८. १२ लाखाच्या जरासं वर गेलेल्यांना सवलत असते, तिथे टॅक्स १२ लाखाच्या वरच्या रकमेएवढाच (आणि त्यावर सेस) लागतो, पण त्याचाही अर्थ तोच, वरचा सगळा पैसा जातो. पेन्शन नसलेल्या मॅनेजरला ६२ हजारावर ही अडचण आलीच नसती. पेन्शन आणि पगार मिळून ही रेषा ओलांडली जाते, आणि दोन्ही एकत्र ठेवून कोणी बघत नाही.

"मग काय म्हणू मालकाला? कमी दे म्हणू?"

मी म्हटलं, कमी नाही, वेगळं मागा. पगार ५५,५०० घ्या, आणि उरलेल्यातून तुमचा आणि काकूंचा मेडिक्लेम कारखान्याने भरावा. मालकाने भरलेला मेडिक्लेमचा हप्ता तुमच्या पगारात धरला जात नाही, नव्या पद्धतीतसुद्धा. आता तो हप्ता तुम्ही खिशातून भरताय आणि नव्या पद्धतीत त्याची सूट मिळत नाही, वयाबरोबर तो वाढतच जाणार. दुसरा रस्ता एनपीएसचा, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेचा, मालकाने मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत तुमच्या एनपीएसमध्ये टाकले तर तेवढं उत्पन्नातून वजा होतं, पण ते पैसे काही वर्षं अडकतात. काकांनी एनपीएसला लगेच नाही म्हटलं, आता अडकवायचं वय नाही म्हणाले, आणि मला ते पटलं.

मालक तयार झाला. त्याला महिन्याला तेवढाच खर्च, किंबहुना जरा कमीच. काकांनी ५५,५०० आणि मेडिक्लेम असं पत्र घेतलं, पेन्शन आणि व्याजाचे नवे आकडे लिहून अकाउंटंटकडे दिले, आणि त्याला सांगून ठेवलं की जुलैत महागाई भत्ता वाढला तर मी येऊन सांगेन, हजाराच्या फरकाने रेषा ओलांडायला नको. वर्षाच्या शेवटी बेरीज १२ लाखाच्या वर जाईल असं दिसलं तर काय करायचं तेही आम्ही ठरवलंय, फेब्रुवारीत एकदा बसायचं आणि तेवढा टॅक्स मार्चच्या पगारातून कापायला सांगायचा. ओट्याचं काम दिवाळीच्या आधी सुरू करायचं असं काकूंनी सांगितलंय.